बंद आळीच्या ओट्यावर बसलेले साहेब

दिगंबरराव टाकळकर साहेबांची आणि माझी पहिली ओळख भांडणातून झाली. या गौरवग्रंथात बाकीच्यांनी लिहिलं असेल की साहेबांची पहिली भेट अमुक समारंभात झाली, तमुक सत्काराला झाली. माझी झाली शिरड शहापूरला मारुतीच्या पारावर, आणि मी त्यांना भर सभेत गप्प केलं. सत्कार समितीच्या सरांनी मला बजावलंय, बाई, साहेबांची पंच्याहत्तरी आहे, जरा गोड लिहा. मी म्हटलं, गोड लिहिणारे पुष्कळ हायेत, त्यांच्याकडून घ्या. मला सांगितलंय तर जसं झालं तसं लिहीन. त्यात कापाकापी करायची असेल तर माझा कागद मला परत द्या.

तेव्हा गावात नवे स्मार्ट मीटर यायचे होते. ठेकेदाराची माणसं जीप घेऊन गल्लीगल्लीत फिरू लागली आणि लोक बिथरले. कोणी म्हणे फोनसारखे आधी पैसे भरावे लागतील, कोणी म्हणे हे मीटर जुन्याच्या दुप्पट पळतं. खरं काय ते सांगायला कोणी नाही, आणि ऐकायला तरी कोण होतं. वीज ऑफिसच्या माणसाला कोणी दारात उभं करीना. मग त्यांनी शक्कल काढली. त्यांनी टाकळकर साहेबांना पुढं केलं.

साहेब इंजिनिअर म्हणून रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती, हिंगोलीत आपल्या घरी सुखानं होते. पण आमच्या भागात पहिले खांब उभे राहिले, पहिल्या तारा ओढल्या गेल्या, ते त्यांच्या देखरेखीखाली. जुनी माणसं त्यांचं नाव घेताना आजही टोपी नीट करतात. त्या नावावर मीटर आमच्या गळ्यात घालायचं ठरलं. ज्यांनी हे ठरवलं त्यांचा मला राग आहे, आणि साहेब हो म्हणाले याचाही आहे. हे मी त्यांना तोंडावर सांगितलेलं आहे. म्हणून इथं लिहायला लाजत नाही.

सभेत साहेब पांढऱ्या सदऱ्यात, मीटरचा डबा हातात घेऊन उभे राहिले. आवाज बारीक, पण बोलणं स्वच्छ. म्हणाले, "दिवसा उन्हाची वीज भरपूर तयार होते. म्हणून दिवसा वापराल त्या युनिटला सूट आहे. दळण दिवसा दळा, पाणी दिवसा चढवा, कपडे दिवसा धुवा. दिवे लागले की सूट बंद. हे मीटर कोणत्या वेळेला किती वीज लागली ते बरोबर टिपून ठेवतं."

पुढं बसलेले माना हलवत होते. मी मागून उठले.

"साहेब, एक विचारू का?"

"विचारा ना बाई."

"दिवसा आमच्या घरात कोण असतं?"

"कोण असतं?"

"कुलूप असतं. कुलूप काय दळण दळीन?"

लोक हसले. सरपंच म्हणाले, "प्रयागबाई, खाली बसा. साहेब पाहुणे हायेत."

"पाहुणे हायेत तर चहा पाजा. मला काहून गप करून राहिले?"

मग मी जे होतं ते सांगितलं. हळद काढणी असो, खुरपण असो, कापूस वेचणी असो, आमच्या आळीतल्या बाया भाकरी बांधून सकाळीच निघतात आणि दिवे लागायच्या टायमाला परत येतात. आल्यावर पाणी, दळण, चटणी, लेकरांचा अभ्यास, सगळं तेव्हाच. म्हणजे सूट असते तेव्हा घराला कुलूप, आणि कुलूप निघतं तेव्हा सूट बंद. मी म्हटलं, "ही सूट कोणासाठी हाय? जो दिवसभर घरी पंख्याखाली बसतो त्याच्यासाठी. पेन्शनवाल्यासाठी."

तो टोला मी त्यांनाच मारला होता आणि त्यांना तो लागला. साहेब बोलायचे थांबले. मीटरचा डबा खाली ठेवला. मग म्हणाले, "तुमची आळी कोणती?"

"वेशीजवळची."

"येतो मी."

मोठी माणसं "येतो" म्हणतात तेव्हा येत नसतात, हे आम्हाला लहानपणापासून माहीत आहे. मी चप्पल घातली आणि घरी गेले.

दोन-चार दिवसांनी आम्ही बाया संध्याकाळी शेतातून परतलो तर साहेब माझ्या ओट्यावर बसलेले. सकाळच्या एसटीनं आले होते. जीप नाही, ठेकेदाराचा माणूस नाही, एकटे. पाण्याची बाटली रिकामी, उन्हानं तोंड लाल. गयाबाई माझ्या शेजारीण, तिनं डोक्यावरचा गवताचा भारा खाली टाकला आणि मला हळूच म्हणाली, "प्रयागे, हे म्हातारं दिवसभर बसलं व्हतं काय गं?"

मी विचारलं, "साहेब, काहून बसले?"

"बघायला."

"काय बघितलं?"

"कुलपं. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. कोंबड्यांशिवाय कोणी नव्हतं."

"मग पटलं का?"

"पटलं. पण अर्धंच बघून झालंय. आता संध्याकाळ बघतो."

मी म्हटलं, "बघा, पण खाली उतरा. दिवा लागल्यावर झाडत न्हाई आमी, आताच झाडून घेऊ द्या." साहेब निमूट उतरले आणि मी झाडेपर्यंत बाजूला उभे राहिले. मग आळीतलं एकेक कुलूप निघालं आणि बटणं पडायला लागली. पाण्याची मोटार, दळणाची चक्की, मिक्सर, टीव्ही, उद्याच्या फवारणीचा पंप चार्जिंगला, मालकांचा फोन चार्जिंगला. सगळी आळी एकदम घरघरायला लागली. साहेब प्रत्येक दारातल्या जुन्या मीटरपुढं जाऊन उभे राहत होते, जसं कोणी आजारी माणसाला भेटायला गेल्यावर उभं राहतं. मी त्यांना चहा विचारला नाही. रागच होता. शेवटी त्यांनीच विचारलं, "बाई, एक भाकर मिळेल का? सकाळपासून काही नाही." ठेच्याबरोबर दीड भाकर खाल्ली आणि शेवटच्या गाडीला निघाले.

साहेबांच्या कामाबद्दल लिहा असं समितीचं म्हणणं आहे. तर मी त्यांचं हे काम मोठं मानते. खांब उभे केले ती त्यांची नोकरी होती, त्याचा पगार होता. बंद आळीत दिवसभर बसायला त्यांना कोणी पगार दिला नव्हता. मीटर चांगलं म्हणणारे खूप आले, वाईट म्हणणारेही खूप आले. दोघंही पारावरूनच बोलून गेले. आळीत हेच एक आले.

पुढच्या वेळेला आले तेव्हा मी आशेनं विचारलं, "मग, बदलतात का टाइम?"

म्हणाले, "नाही. मी खूप विचार केला. संध्याकाळी वीज स्वस्त होणार नाही. सूर्य मावळल्यावर सगळ्यांना एकदम वीज लागते आणि ती महागातली आणावी लागते. हे कोणी बदलू शकत नाही, मी तर नाहीच."

माझ्या हातात कोयता नव्हता म्हणून बरं. मी म्हटलं, "मग आले कशाला? एवढ्या उन्हात हे सांगायला?"

"खोटी आशा लावून ठेवायला नको म्हणून."

तेव्हा मी त्यांच्यावर खूप तोंड सोडलं. घरी गेल्यावर मात्र मनात आलं, निवडणुकीला येणारा प्रत्येक जण आम्हाला हो म्हणतो. आमच्या ओट्यावर बसून आम्हालाच न्हाई म्हणणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला. माझा त्यांच्यावर विश्वास त्या न्हाईमुळं बसला, आणि आमच्या आळीनं नवं मीटर लावू दिलं.

मग रस्ता काढला गयाबाईनं. ती म्हणाली, "आपण सावड घालू."

शहरातल्या वाचकांसाठी सांगते. सावड म्हणजे आज तुम्ही माझ्या शेतात, उद्या मी तुमच्या शेतात. पैसा नाही, हिशोब नाही, फक्त पाळी. गयाबाईचं म्हणणं असं की पाळीपाळीनं एका बाईनं गावात थांबायचं. आळीतल्या चाव्या तिच्याकडं. दिवसा सूट असते तेव्हा तिनं घरोघर जाऊन मोटारी लावायच्या, दळणं दळायची, पंप चार्जिंगला लावायचे. आणि शेतात तिच्या वाट्याची ओळ, आम्ही पात म्हणतो, ती बाकीच्या बायांनी काढायची.

साहेबांना हे सांगितलं तेव्हा ते एवढे खूश झाले की चहा सांडला. म्हणाले, "करा. उद्यापासूनच करा."

फोनवर आपल्या घरात कोणत्या तासाला किती वीज गेली ते कसं बघायचं, हेही त्यांनी मलाच शिकवलं. आमच्या आळीत तोंड माझंच मोठं, म्हणून बहुतेक. शिकताना दोघांचीही डोकी फिरायची. मी म्हणायची, "तुमीच दाबून दाखवा ना एकदा." ते म्हणायचे, "मी दाबलं तर मला येईल, तुम्हाला येणार नाही."

"मला घाई हाय साहेब."

"मलाही आहे. मी पंच्याहत्तरीला आलोय."

पण फोन त्यांनी एकदाही माझ्या हातातून घेतला नाही. माझं बोट चुकीच्या जागी जायचं, ते डोळे मिटून घ्यायचे, आणि थांबायचे. शाळेत मला जे मास्तर होते ते थांबले असते तर मी चौथीच्या पुढं गेले असते.

सावड बराबर चालली. बायांना संध्याकाळी घरी आल्यावर दळण तयार, पाणी भरलेलं. आणि मग आम्ही चूक केली. ती आमच्याच हातून व्हायची होती. ज्या बाईची पाळी तिला घराघराची कुलपं उघडत हिंडावं लागायचं, आणि चक्की काही सगळ्यांकडं नव्हती. शिवाय आमच्यात पापड असो, शेवया असो, एका ओट्यावर चार बाया आल्याशिवाय काम केल्यासारखं वाटत नाही. हळूहळू सगळी दळणं माझ्याकडं येऊ लागली, कारण माझी चक्की नवी. मग फवारणीचे पंप माझ्या भिंतीला लागले. मग मिक्सर आले. दिवसा सगळी आळी माझ्या एका मीटरवर चालायला लागली. आम्हाला वाटलं, काम सोपं झालं. मीटरला वाटलं, या बाईनं गिरणी टाकली.

ऑफिसमधून मेसेज आला होता म्हणे. घरगुती जोडणीवर धंदा चालू आहे, खुलासा करा. तो आला आमच्या मालकांच्या, म्हणजे नवऱ्याच्या फोनवर, कारण जोडणी त्यांच्या नावावर. मालकांना वाटलं लॉटरीवाला आहे. त्यांनी पुसून टाकला. दुसरा आला, तोही पुसला.

आणि एका दुपारी माझ्या घरातली लाईट गेली. आळीत सगळ्यांकडं होती, माझ्याकडंच नाही. घरात माझी लेक रेणुका पहिल्या बाळंतपणाला आलेली. तिचं लेकरू सव्वा महिन्याचंही नव्हतं. बाहेर ऊन असं की पत्र्याला हात लावता येत नाही. लेकराच्या मानेवर घामोळं, ते दूधही घेईना, नुसतं रडून राहिलं. मी लाइनमनला बोलावलं. तो बिचारा आला, खांबाकडं बघितलं, मीटरकडं बघितलं, म्हणाला, "मावशी, माझ्या हातात काही न्हाई. इथं काही झालंच न्हाई. तिकडूनच बंद केलंय."

माझा सगळ्यात मोठा राग इथं आहे आणि तो लिहिल्याशिवाय मी पुढं जाणार नाही. आधी लाईट तोडायला माणूस यायचा. त्याला दारात उभं राहावं लागायचं. त्याला शिव्या देता यायच्या, पाणी देता यायचं, आत बाळंतीण आहे बाबा, असं दाखवता यायचं. कितीही खडूस असला तरी लेकराचं रडणं त्याच्या कानावर पडायचं. आता कोणी येतच नाही. कुठं तरी बसून कोणी तरी बटण दाबतं, आणि ज्याच्या घरात अंधार झाला त्यानं कोणाच्या तोंडाकडं बघायचं? नवं मीटर आणणाऱ्यांनी त्याचे हजार फायदे सांगितले. हे कोणी सांगितलं नाही.

मी साहेबांना फोन केला. नमस्कार-चमत्कार काही नाही. म्हटलं, "तुमच्या मीटरनं माझं घर बंद केलं. लेक बाळंतीण हाय."

त्यांनी विचारलं, "खोलीला खिडकी आहे का?"

"एक हाय."

"ओलं कापड लावा तिला. मी निघालो."

दुपार कलायच्या आत दारात ऑटो उभा राहिला. साहेब उतरले, आणि मागून ऑटोवाला त्यांच्या घरचा इन्व्हर्टर आणि बॅटरी उतरवायला लागला. बॅटरीच्या एका बाजूला साहेबांनीच हात घातला. मी ओरडले, "कंबर मोडून घ्यायची हाय का या वयात?"

"आधी आतली वायर दाखवा. मग ओरडा."

पंखा फिरला आणि लेकरू झोपलं. रेणुका रडायला लागली. साहेब तिच्याकडं न बघता बॅटरीशीच बोलल्यासारखे म्हणाले, "ही उतरली की शेजारी नेऊन चार्ज करा. दिवसा करा, सूट आहे." असा माणूस. अशा वेळेलाही सूट विसरला नाही.

नंतर कळलं की त्या आठवड्यात हिंगोलीत त्यांच्याच भागात लाईट सारखी जात होती. साहेबांच्या घरच्या काकूंचे गुडघे गेलेले, त्यांना उठून बाहेर बसता येत नाही. त्या हातपंखा घेऊन बसल्या. मी भेटले तेव्हा म्हटलं, काकू, तुमाला फार तकलीफ झाली. तर म्हणाल्या, "अगं मीच म्हटलं घेऊन जा. ठेवला असता तर हे घरभर येरझाऱ्या घालत बसले असते. त्यापेक्षा उकाडा बरा."

दुसऱ्या दिवशी आम्ही ऑफिसात गेलो. तिथले साहेब वयानं लहान, टाकळकर साहेबांच्या हाताखाली शिकलेले. उठून पाया पडले, चहा सांगितला आणि मग मला म्हणाले, "मावशी, घरगुती मीटरवर गिरणी चालवता येत नाही."

"गिरणी कुठंय? माझी चक्की हाय, चुलीशेजारी."

"मग एवढं दळण कोणाचं?"

"आळीचं."

"पैसे किती घेता?"

"सावडीत पैसे घेतात व्हय? तुमच्या आईनं शेजारणीचं दळण दळून दिलं तर ती पैसे घेती का?"

"मावशी, आईला मध्ये आणू नका."

"मग तुमी माझ्या चक्कीला मध्ये आणू नका."

तेवढ्यात टाकळकर साहेब म्हणाले, "चूक माझी आहे. सावड करा असं मी सांगितलं. पण सगळं एका घरात नेऊ नका, हे सांगायचं मला सुचलं नाही. माझ्या नावावर लिही."

मला राग आला. मी म्हटलं, "तुमी काहून अंगावर घेता? सावड आमची, डोकं आमचं, चूक बी आमची."

"बाई, मी बोलतोय ना."

"तेच म्हणते, तुमी नका बोलू."

त्या टेबलापुढं आम्ही दोघं चूक कोणाची यावर भांडत होतो आणि ते धाकटे साहेब कपाळाला हात लावून बसले होते. शेवटी म्हणाले, "काका, नियम म्हणजे नियम, हे तुम्हीच शिकवलंत आम्हाला."

"शिकवलं. पण त्याच्या आधी जागेवर जायला शिकवलं होतं. तू गेला होतास?"

"आता जावं लागत नाही काका. सगळं इथं दिसतं."

"बाळ दिसतं का इथं?"

पण मला ते बोलणं आवडलं नाही आणि मी तिथंच सांगितलं, "साहेब, लेकरू नसतं तर माझं घर बंद ठेवायचं व्हतं का?" बाकी कोणी असता तर चिडला असता. टाकळकर साहेबांनी माझ्याकडं बघितलं, मान हलवली. "बरोबर आहे तुमचं," म्हणाले. मग धाकट्या साहेबांना, "बाळ बाजूला ठेव. जागा बघायला चल."

मोठ्या माणसाला त्याच्या शिष्यासमोर, परक्या बाईनं चूक दाखवावी, आणि त्यानं ती जागच्या जागी मान्य करावी. मी एवढ्या वर्षात घरात, भावकीत, गावात, कुठंही असं बघितलं नव्हतं. साहेबांचे गुण लिहा म्हणतात, तर हा एक लिहून ठेवा आणि मोठ्या अक्षरात छापा.

ते धाकटे साहेब आले. माझ्या घरात उभे राहून त्यांनी दळणाचे डबे बघितले. प्रत्येक डब्याच्या कडीला ज्या त्या बाईच्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधलेली, ओळखू यावा म्हणून. त्यांनी विचारलं, "हा कोणाचा?" गयाबाई म्हणाली, "माझा. उघडून बघा, किडे बी माझेच हायेत." त्यांना हसू आलं, आणि त्यांनी तिथूनच फोन लावला. थोड्या वेळानं घरातला पंखा आपोआप फिरायला लागला. ज्यानं बंद केलं तो दिसला नव्हता, ज्यानं चालू केलं तोही दिसला नाही.

लोकांना वाटतं गोष्ट इथं संपली. संपलेली नाही. लाईट आली ती चौकशी होईपर्यंत. खुलाशाचा कागद मागं घेतलेला नाही. निकाल लागेपर्यंत एका घरात दळायचं नाही असं सांगितलंय. घरोघर हिंडायला बाया कंटाळल्या आणि एकेक करून पुन्हा संध्याकाळी बटणं दाबायला लागल्या. म्हणजे दिवसाची सूट पुन्हा आमच्या कुलपाआड पडून आहे.

साहेबांनी तेव्हापासून एकच धरलंय. म्हणतात, वेळ बदलून मिळणार नाही, पण सावड हा धंदा नाही हे लिहून मिळू शकतं. आपल्या खाण्याचं दळण शेजारणीच्या चक्कीवर दळलं तर ती गिरणी होत नाही, एवढं एक वाक्य, सही-शिक्क्यानिशी. त्यासाठी आम्ही अर्जावर सह्या गोळा करतोय, आणि ते चौकशीच्या तारखेला ऑफिसात जातात. एसटीनं जातात, डबा घेऊन जातात. तिथं त्यांना वय बघून खुर्ची देतात, चहा देतात, आणि पुढची तारीख देतात. मी बरोबर असते. त्या दिवशी शेतातली माझी पात बाया काढतात. दळणाची सावड बंद पडली, पण तारखेची सावड चालू आहे. आमच्या आळीत ती कोणी मोडली नाही.

आता ज्यांना वाईट वाटायचं त्यांना वाटू द्या. साहेबांनी मीटरची बाजू मांडली तेव्हा गावातले जे लोक त्यांना ठेकेदाराचा दलाल म्हणाले, तेच आज शाल कोणत्या रंगाची घ्यायची यावर बैठका घेऊन राहिले आहेत. सावडीच्या अर्जावर सही मागायला मी त्यांच्या दारात गेले होते. एक म्हणाला नंतर बघू, एक म्हणाला आमच्या घरी चक्की नाही, एक म्हणाला बायांचं काम आहे. या ग्रंथात लेख देणाऱ्यांतही ते आहेत. सत्काराला गर्दी करणं सोपं असतं. साहेबांचा गौरव करायचा असेल तर हार पुढच्या वेळी आणा, आज त्या अर्जावर सही करा. अर्ज माझ्याकडं आहे, मंडपाच्या दारात मी घेऊन बसणार आहे.

शेवटी आयुष्य चिंतायची रीत आहे. साहेब, मी तुम्हाला आयुष्य मागते, पण उपकार म्हणून नाही, हक्कानं मागते. तुमच्या शब्दावर आम्ही ते मीटर भिंतीला लावू दिलं. आता ते कोणी काढणार नाही, म्हणून तुम्हालाही मधेच सोडून जाता येणार नाही. तुमची कंबर, तुमचे गुडघे, डोळे, सगळं धडधाकट राहो. काकूंचंही राहो. गोळ्या वेळेवर घ्या, मला उगीच काकूंना फोन करून विचारायला लावू नका. पुढच्या तारखेला ऊन असो की पाऊस, मी गाडीत तुमची जागा धरून ठेवते.

तुमच्या माघारी त्या टेबलापुढं मी एकटी उभी राहू शकते. तेवढं तुम्ही मला शिकवलंय. पण मला एकटीला उभं राहायचं नाही. म्हणून जगा.

— प्रयागबाई, वेशीजवळची आळी, शिरड शहापूर